रेंज फुल्ल, तरी टीव्हीवर मॅच अडकते? मेश वायफायमधली गडबड घरच्या घरी अशी शोधा

रविवारची संध्याकाळ. भारताची मॅच. शेवटच्या दोन ओव्हर. शेजारच्या घरातून जल्लोष ऐकू येतो आणि आपल्या टीव्हीवर मात्र बॉलर अजून रनअपवरच असतो. मग तोही मध्येच थांबतो. स्क्रीनच्या मधोमध चकरी फिरायला लागते. घरातलं कुणीतरी उठून राऊटर बंद-चालू करतं, आणि तो परत सुरू होईपर्यंत मॅच संपलेली असते.

नाशिकला आमच्या मामांच्या घरी हे दोन महिने चाललं होतं. रो हाऊस, तळमजला आणि वर एक मजला. इंटरनेटची फायबर येते खालच्या हॉलमध्ये, दाराच्या वर. वरच्या मागच्या खोलीत पूर्वी रेंजच यायची नाही. म्हणून मामांनी आधी १०० एमबीपीएसचा प्लॅन बदलून २०० चा घेतला. वर काहीच फरक पडला नाही. मग कुणीतरी सांगितलं, मेश घ्या. दोन डब्यांचा मेश आणला. एक खाली लावला, एक वर टीव्हीच्या शेजारी.

आता वर रेंज एकदम फुल्ल. पण मॅच अडकतेच. आणि एक नवीन दुखणं सुरू झालं. खालच्या हॉलमध्ये फोनवरचे फोटो टीव्हीवर दाखवायला गेलं, की फोन म्हणतो टीव्ही सापडत नाही.

मामांचा निष्कर्ष ठरला होता, "टीव्हीच जुना झालाय. दसऱ्याला नवीन घेऊन टाकू."

टीव्हीत काहीही बिघाड नव्हता. बिघाड कुठे होता ते शोधायला एक तास लागला आणि त्यासाठी फोनशिवाय काहीही लागलं नाही. तुमच्या घरी असंच होत असेल, तर तो एक तास कसा घालवायचा ते आज पाहू.

मेश म्हणजे नेमकं काय?

घराचा स्लॅब पडताना पाहिलाय? खाली मिक्सर फिरत असतो आणि वरपर्यंत माणसांची रांग लागलेली असते. घमेलं हातोहात वर जातं. रांगेतली माणसं योग्य अंतरावर असली की काम झपाझप होतं. मधला एक जण लांब उभा राहिला की सगळी रांग त्याच्यासाठी थांबते. मग शेवटचा माणूस कितीही दणकट असू दे, त्याच्या हातात घमेलं येणार उशिराच.

मेश वायफाय ही अशीच रांग आहे. कंपनीची फायबर घरातल्या एका डब्यात येते. बरेच जण त्याला मोडेम म्हणतात. त्या डब्यातून केबलने मेशचा मुख्य डबा जोडलेला असतो. मुख्य डब्याकडून हवेतून इंटरनेट घेऊन पुढे देतो तो दुसरा डबा, म्हणजे नोड. नोडकडून ते टीव्हीला किंवा टीव्हीला लावलेल्या स्टिकला मिळतं.

म्हणजे रांग अशी झाली: कंपनी, कंपनीचा डबा, मुख्य मेश, नोड, स्टिक. आणि कंपनीच्याही पलीकडे ज्या ॲपवर तुम्ही मॅच बघताय त्याचे सर्व्हर. चकरी फिरते तेव्हा यातली कुठलीतरी एक जोडणी लंगडत असते. नवा प्लॅन, नवा मेश, नवा टीव्ही या तिन्ही खरेदी रांगेतल्या वेगवेगळ्या जागी बसतात. ढिली जागा कोणती हे माहीत नसताना केलेली खरेदी बहुतेक वेळा चुकीच्या जागी बसते.

रेंज फुल्ल आहे, म्हणजे काय आहे?

इथे बहुतेकांची फसगत होते. फोनवर किंवा टीव्हीवर दिसणारी वायफायची रेंज सांगते ती फक्त शेवटच्या जोडणीबद्दल. म्हणजे तुमचा टीव्ही आणि त्याच्या जवळचा नोड एकमेकांना किती नीट ऐकतायत, एवढंच. त्या नोडला मागून इंटरनेट किती मिळतंय, याचा त्या रेंजशी काही संबंध नाही.

मामांचा नोड टीव्हीला लागून होता. त्यामुळे टीव्हीवर रेंज फुल्ल दिसणारच. पण नोड आणि खालचा मुख्य डबा यांच्यामध्ये होता एक स्लॅब, एक नऊ इंची भिंत आणि त्या भिंतीला टेकून लोखंडी कपाट. स्लॅबमध्ये लोखंडी सळ्या असतात. वायफायच्या लहरी विटांच्या भिंतीतून थोड्याफार जातात, धातूच्या पत्र्यावर आपटून मात्र मागे फिरतात. मोठा आरसा, फ्रीज, पाण्याची टाकी, माशांची टाकी हेही असेच आडवे येतात. वाड्यातल्या दगडी भिंतींचं तर बोलायलाच नको.

यात अजून एक भर. साध्या मेशमध्ये नोड एकाच रेडिओवर मागून घेतो आणि त्याच रेडिओवर पुढे देतो. रांगेतल्या माणसाला घमेलं घ्यायला आणि द्यायला हात तेच दोन. त्यामुळे अशा प्रत्येक टप्प्याला वेग साधारण निम्म्यावर येतो. महागड्या ट्राय-बँड मेशमध्ये मागच्या जोडणीसाठी वेगळा रेडिओ ठेवता येतो, म्हणून तिथे हे नुकसान कमी होतं.

आधी दोन प्रश्न विचारा

काहीही बंद-चालू करण्याआधी दोन प्रश्न.

पहिला: एकाच ॲपला त्रास आहे की सगळ्या ॲपना? एका ॲपवर मॅच अडकते, पण त्याच टीव्हीवर यूट्यूब सुरळीत चालतंय, तर तुमच्या वायफायचा दोष असण्याची शक्यता कमी. मोठ्या मॅचला गर्दी किती होते याचा अंदाज घ्या. १९ नोव्हेंबर २०२३ ला अहमदाबादमध्ये वर्ल्ड कपची फायनल झाली, तेव्हा डिस्ने प्लस हॉटस्टारवर एका क्षणी ५.९ कोटी लोक एकाच वेळी मॅच बघत होते. अशा वेळी पलीकडून अडथळा आला तर घरातला राऊटर दहा वेळा बंद-चालू करून उपयोग नाही. ॲप पूर्ण बंद करून उघडा, चित्राचा दर्जा एक पायरी खाली आणा आणि मॅच बघा.

दुसरा: एकाच उपकरणाला त्रास आहे की त्या खोलीतल्या सगळ्यांना? मामांच्या घरी सगळे टीव्हीला दोष देत होते, याचं कारण वरच्या खोलीत बसून काम करणारी आमची मामेबहीण. तिचा एक ऑनलाइन इंटरव्ह्यू मध्येच तुटला होता. त्या दिवसापासून ती वायफाय सोडून फोनच्या डेटावर लॅपटॉप चालवत होती आणि हे तिने कुणाला सांगितलंच नव्हतं. वरच्या खोलीत टीव्ही आणि लॅपटॉप दोघांचंही वायफाय खराब होतं. म्हणजे दोष टीव्हीच्या मागे, नोडकडे होता. हा प्रश्न आधी विचारला असता तर नवीन टीव्हीचा विषयच निघाला नसता.

जाता जाता: शेजारी डिशवर बघत असेल आणि तुम्ही ॲपवर, तर तुमची मॅच काही सेकंद मागे राहणारच. तो बिघाड नाही.

तीन जागी उभं राहून मोजा

आता मुख्य काम. फोनचा मोबाइल डेटा बंद करा, व्हीपीएन सुरू असेल तर तोही बंद करा. नेटफ्लिक्सचंच फास्ट डॉट कॉम किंवा कुठलंही स्पीड टेस्ट उघडा आणि तीन जागी मोजा.

१. मेशच्या मुख्य डब्यापासून दोन-तीन फुटांवर.
२. नोडच्या शेजारी.
३. टीव्हीच्या अगदी जवळ, स्टिक जिथे लावलीये तिथे.

प्रत्येक जागी तीनदा मोजा आणि आकडे कागदावर लिहा. फोन खरंच जवळच्या डब्याला जोडलाय का, हे मेशच्या ॲपमध्ये दिसतं. कुठलं उपकरण कुठल्या डब्यावर आहे याची यादी तिथे असते. जोडलेला नसेल तर फोनचं वायफाय एकदा बंद करून परत चालू करा.

आता आकडे वाचायचे कसे?

पहिल्या जागीच वेग प्लॅनच्या मानाने फार कमी असेल, तर मेशला दोष देऊ नका. लॅपटॉप असेल तर तो केबलने थेट कंपनीच्या डब्याला जोडून मोजा. तिथेही कमीच असेल, तर तक्रार कंपनीकडे.

पहिल्या जागी उत्तम आणि दुसऱ्या जागी पडला, तर मुख्य डबा आणि नोड यांच्यातली जोडणी ढिली आहे. मेश असलेल्या घरात हे फार वेळा होतं.

दुसऱ्या जागी चांगला आणि तिसऱ्या जागी पडला, तर नोड आणि टीव्ही यांच्यामध्ये काहीतरी आडवं येतंय.

तिन्ही जागी चांगला, तरी टीव्ही अडकतोय? मग स्टिक किंवा टीव्ही तपासायचा.

मामांच्या घरी पहिल्या जागी १९० एमबीपीएस आले. वर नोडजवळ कधी ९, कधी ३. निदान तिथेच झालं.

या आकड्यांची तुलना कशाशी करायची? नेटफ्लिक्स फुल एचडीसाठी ५ आणि फोर-केसाठी १५ एमबीपीएस पुरेसे मानतं. म्हणजे एका टीव्हीला २०० ची गरज कधीच नव्हती. गरज असते ती वेग टिकून राहण्याची. सिनेमा बघताना ॲप पुढचा बराच भाग आधीच भरून ठेवतं, त्यामुळे मध्ये वेग थोडा वेळ पडला तरी आपल्याला कळत नाही. लाइव्ह मॅचचा पुढचा भाग अजून घडलेलाच नसतो, त्यामुळे साठा जेमतेम काही सेकंदांचा. वेग ९ वरून ३ वर आला की चकरी लगेच दिसते. सिनेमा नीट आणि मॅचच अडकते, यामागे बऱ्याचदा हेच असतं.

नोड कुठे ठेवायचा?

रेंज जिथे येत नाही तिथे नोड ठेवायचा, असं आपल्याला वाटतं. मामांनाही तसंच वाटलं. पण जिथे रेंज पोहोचतच नाही, तिथे नोडला तरी कुठून मिळणार? नोड ठेवायचा तो मुख्य डबा आणि टीव्ही यांच्या साधारण मध्ये, जिथे मुख्य डब्याची रेंज अजून चांगली येते अशा जागी.

दुमजली घरात सर्वांत सोयीची जागा म्हणजे जिन्याचं वरचं टोक. जिना हे स्लॅबला पडलेलं मोठं भोक आहे, लहरींना तिथून वाट मिळते. फ्लॅटमध्ये बेडरूमच्या आत ठेवण्याऐवजी पॅसेजमध्ये ठेवा. दोन्ही डबे कमरेच्या वर, मोकळ्यावर असू देत. शोकेसच्या आत, टीव्हीच्या पाठीमागे, फ्रीजवर किंवा कपाटावर पत्र्याला चिकटून ठेवू नका. टीव्हीच्या मागची धातूची पाठसुद्धा पत्र्यासारखंच काम करते.

आम्ही मामांचा नोड उचलून जिन्याच्या वर, भिंतीवरच्या फळीवर ठेवला. पाच मिनिटं थांबून परत मोजलं. नोडजवळ ८० च्या आसपास, टीव्हीजवळ ५५. टीव्हीवरची रेंज आता फुल्ल दिसत नव्हती, एक रेघ कमी झाली होती. मॅच मात्र अडकायची थांबली.

नोडची जागा बदलूनही वेग येत नसेल, तर मुख्य डबा आणि नोड यांच्यात केबल टाका. कॅट-५ई किंवा कॅट-६ प्रकारची नेटवर्क केबल १०० मीटरपर्यंत १ जीबीपीएस सहज नेते. जिन्याच्या कडेने पट्टीतून नेली की भिंत फोडावी लागत नाही. केबल लागली की मधल्या भिंती आणि स्लॅबची काळजीच संपते. बहुतेक मेशमध्ये केबलने नोड जोडण्याची सोय असते, खरेदी करताना मागच्या बाजूला जादा पोर्ट आहे ना एवढं बघून घ्या.

फोनला टीव्ही का सापडत नाही?

आता मामांचं दुसरं दुखणं. खालच्या हॉलमध्ये वेग भरपूर, टीव्हीवर यूट्यूब चालतंय, फोनवरही चालतंय. पण फोनवरून टीव्हीवर कास्ट करायला गेलं की टीव्ही यादीत दिसतच नाही.

कास्ट करताना फोन घरातल्या नेटवर्कवर हाक मारतो, "इथे कुणी टीव्ही आहे का?" ही हाक त्या एका नेटवर्कपुरतीच ऐकू जाते. टीव्ही दुसऱ्या नेटवर्कवर असेल, तर हाक त्याच्यापर्यंत जात नाही.

पण घरात दुसरं नेटवर्क आलं कुठून? कंपनीचा डबा हाही एक राऊटरच असतो आणि तो स्वतःचं वायफाय सोडत असतो. मेश लावल्यावर घरात दोन राऊटर झाले आणि दोन वेगळी नेटवर्क झाली. त्यात मामांनी केलेली एक गोष्ट भल्याभल्यांना चकवते. घरातल्या सगळ्या फोनवर परत पासवर्ड टाकायचा कंटाळा, म्हणून त्यांनी मेशला जुन्या वायफायचंच नाव आणि जुनाच पासवर्ड दिला. आता नाव एक आणि घरं दोन. खालचा टीव्ही कंपनीच्या डब्याला चिकटला होता, फोन मेशला. दोन्हीकडे नाव सारखंच दिसत असल्यामुळे कुणाला संशयही आला नाही.

हे ओळखायची युक्ती सोपी आहे. फोनच्या वायफाय सेटिंगमध्ये आणि टीव्हीच्या नेटवर्क सेटिंगमध्ये आयपी ॲड्रेस बघा. समजा फोनवर १९२.१६८.६८.२० आहे आणि टीव्हीवर १९२.१६८.१.१५. घरगुती नेटवर्कमध्ये टिंबांनी तोडलेले पहिले तीन आकडे साधारणपणे सारखे असतात. इथे तिसरा आकडा वेगळा आहे, म्हणजे दोघं वेगवेगळ्या नेटवर्कवर आहेत.

उपाय तीन. यातला कुठलाही एक करा.

सर्वांत सोपा: कंपनीच्या डब्याचं वायफाय बंद करा. २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ, दोन्ही. मग घरातली सगळी उपकरणं आपोआप मेशवर येतात.

दुसरा: मेशच्या ॲपमध्ये ॲक्सेस पॉइंट मोड असेल तर तो लावा. मग नेटवर्क चालवण्याचं काम कंपनीचा डबा करतो आणि मेश फक्त वायफाय पसरवतो. यात मेशच्या ॲपमधल्या काही सोयी, उदाहरणार्थ मुलांसाठीची वेळेची मर्यादा, बंद पडू शकतात. कंपनीच्या डब्याचं वायफाय याही वेळी बंदच ठेवा.

तिसरा: कंपनीला सांगून त्यांचा डबा ब्रिज मोडवर टाकून घ्या. मग राऊटर म्हणून फक्त मेश उरतो. यासाठी काही ठिकाणी कनेक्शनचं युजरनेम आणि पासवर्ड लागतो, तो कंपनीकडून आधी मागून घ्या.

टीव्ही गेस्ट नेटवर्कवर जोडलेला असेल तरीही हीच अडचण येते. गेस्ट नेटवर्कवरची उपकरणं एकमेकांना दिसू नयेत अशीच त्याची रचना असते. टीव्ही नेहमी घरच्या मुख्य वायफायवर घ्या.

स्टिकच्या स्वतःच्या तक्रारी

तिन्ही जागी वेग चांगला आणि टीव्ही तरीही अडकतो, तर आता स्टिककडे वळू.

वीज: बरेच जण स्टिकची पॉवर केबल टीव्हीच्या यूएसबी पोर्टला लावतात. सोबत आलेला ॲडॉप्टर पडून राहतो. टीव्हीच्या साध्या यूएसबी पोर्टमधून साधारण अडीच वॉट मिळतात, स्टिकचा ॲडॉप्टर त्याच्या दुप्पट देतो. वीज कमी पडली की स्टिक मध्येच रीस्टार्ट होते, नाहीतर गारठल्यासारखी चालते. ॲडॉप्टर लावून बघा.

जागा: स्टिक टीव्हीच्या पाठीला चिकटून बसते. बॉक्समध्ये एचडीएमआयची छोटी वाढीव केबल आली असेल तर ती लावा आणि स्टिक टीव्हीच्या कडेबाहेर काढा. वायफाय पकडण्यात फरक पडतो.

चिकटून राहायची सवय: कुठल्या नोडला जोडायचं हे बहुतेक वेळा मेश ठरवत नाही, उपकरण ठरवतं. स्टिक एकदा लांबच्या डब्याला जोडली गेली की जवळचा नोड सुरू झाल्यावरही जुन्यालाच धरून बसू शकते. अशा वेळी नोड चालू आहे याची खात्री करून स्टिक रीस्टार्ट करा. तेवढ्याने झालं नाही, तर स्टिकमधलं वायफाय 'फर्गेट' करून परत जोडा.

बँड: २.४ गिगाहर्ट्झ लांब जातं आणि भिंतीतूनही बरं जातं, पण तिथे गर्दी फार. एकमेकांत न मिसळणारे चॅनल तीनच, १, ६ आणि ११. सोसायटीत वीस घरांचे राऊटर याच तीन चॅनलवर भांडत असतात आणि स्वयंपाकघरातला मायक्रोवेव्हही त्याच पट्ट्यात गोंगाट करतो. नोड जवळ असेल तर स्टिक ५ गिगाहर्ट्झवर घ्या.

नेटवर्कच दिसत नाही: परदेशातून, विशेषतः अमेरिकेतून मुलांनी किंवा नातेवाइकांनी आणलेली स्टिक असेल तर हे तपासा. आपल्याकडे २.४ गिगाहर्ट्झवर १ ते १३ चॅनल चालतात. अमेरिकेसाठी बनवलेली बरीच उपकरणं ११ पर्यंतच बघतात. राऊटरने आपणहून १२ किंवा १३ निवडला, तर फोनला वायफाय दिसतं आणि त्या स्टिकला दिसत नाही. राऊटरमध्ये चॅनल १, ६ किंवा ११ वर पक्का करा.

पासवर्ड बरोबर, तरी जोडलं जात नाही: नवीन मेशमध्ये सुरक्षेसाठी फक्त डब्ल्यूपीए-३ लावलेलं असेल, तर जुन्या टीव्हीला ते समजत नाही. डब्ल्यूपीए-२ आणि ३ एकत्र चालतील असा पर्याय निवडा.

जोडलंय, पण ॲप उघडत नाही: टीव्हीची तारीख आणि वेळ बघा. वीज जाऊन आल्यावर काही टीव्ही जुनीच तारीख धरून बसतात. तारीख चुकली की सुरक्षित जोडणीची तपासणी फसते आणि ॲप "इंटरनेट नाही" म्हणतं. तारीख बरोबर असेल, तर स्टिकमध्ये जागा किती शिल्लक आहे ते पाहा. ८ जीबीची स्टिक न वापरलेल्या ॲपनी भरली की सगळंच मंदावतं.

लाईट गेली आणि आली, आता काय?

लाईट आल्यावर सगळे डबे एकदम चालू होतात. स्टिक आधी जागी होते, मेश नंतर, आणि मग स्टिक "वायफाय नाही" म्हणून रुसून बसते. अशा वेळी क्रम पाळा. आधी कंपनीचा डबा, त्याचे दिवे स्थिर होईपर्यंत थांबा. मग मुख्य मेश, मग नोड, सर्वांत शेवटी स्टिक. प्रत्येकामध्ये दोन-तीन मिनिटं जाऊ द्या.

लाईट वारंवार जात असेल तर राऊटरसाठी मिळणारा छोटा यूपीएस घ्या. पण तो कंपनीच्या डब्याला आणि मुख्य मेशला, दोघांनाही लागेल. घेण्याआधी दोन्हींच्या ॲडॉप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर बघून घ्या.

एक गोष्ट मात्र टाळा. डब्याच्या मागचं रीसेटचं बारीक भोक सुई घालून दाबू नका. त्याने सगळी सेटिंग पुसली जातात. आपल्याला हवा असतो रीस्टार्ट, म्हणजे फक्त बंद-चालू.

कंपनीला फोन कधी करायचा?

कंपनीच्या डब्यावर 'एलओएस' लिहिलेला दिवा लाल झाला असेल, तर फायबरमधून प्रकाशच येत नाहीये. फायबर कुठे दुमडली आहे का, उंदराने कुरतडली आहे का, साफसफाई करताना ओढली गेली आहे का, एवढं बघा. फायबरच्या आत काच असते, ती तारेसारखी घट्ट वळवायची नसते. वळण मोठं ठेवा. तरी दिवा लाल राहिला तर फोन करा.

दुसरी वेळ म्हणजे केबलने थेट जोडूनही वेग प्लॅनच्या मानाने फार कमी येत असेल तेव्हा. फोनवर "नेट स्लो आहे" एवढंच सांगितलं की उत्तर ठरलेलं, "सर, राऊटर रीस्टार्ट करा." त्याऐवजी असं सांगा, "लॅपटॉप केबलने तुमच्या डब्याला जोडून मोजलंय, संध्याकाळी ८ वाजता तीनदा. २०० च्या प्लॅनवर ३० येतात. सकाळी १९० येतात." मग चेंडू त्यांच्या कोर्टात जातो. तक्रारीचा नंबर लिहून घ्यायला विसरू नका.

मामांचं पुढे काय झालं?

नोड जिन्यावर गेला. कंपनीच्या डब्याचं वायफाय बंद केलं. वरच्या स्टिकची पॉवर केबल टीव्हीतून काढून ॲडॉप्टरला लावली. एवढ्यावर काम झालं, खर्च शून्य. पुढच्या महिन्यात मामांनी प्लॅन परत १०० वर आणला आणि कुणाला फरक जाणवला नाही. मामेबहिणीने लॅपटॉप पुन्हा वायफायवर घेतला.

मोजलेल्या आकड्यांचा कागद मामांनी मुख्य डब्याच्या मागे चिकटवून ठेवलाय. आता पुन्हा चकरी फिरली की ते आधी तीन जागी उभे राहून मोजतात आणि जुन्या आकड्यांशी ताडून बघतात. तुम्हीही आज सगळं नीट चालू असतानाच एकदा मोजून ठेवा. मॅचच्या दिवशी तो कागद कामाला येईल.